चुंबकीय तबकडीवरील पत्त्यांचे संकेतलेखन : एक चिकित्सा

चुंबकीय तबकडीवर माहिती साठविण्याच्या शास्त्राचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा माहितीकडे जाते. माहितीच्या पत्त्याकडे जात नाही. माहिती किती दाटीने लिहिता येते, ती वाचताना किती बिटे चुकतात, चुकलेली बिटे कोणत्या गणिताने दुरुस्त करता येतात, या प्रश्नांवर विपुल लेखन झाले आहे. पत्ता मात्र चार-सहा बाइटांचा, कोरडा आणि यांत्रिक. त्याला स्वतंत्र मीमांसेची गरज ती काय, अशी समजूत दिसते. परिणामी जो न्याय माहितीला तोच पत्त्याला, असे गृहीत धरले जाते; आणि 'दोषसहिष्णु संकेत' या एकाच नावाखाली भिन्न, किंबहुना परस्परविरोधी युक्त्या एकत्र गोळा केल्या जातात. या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाची मांडणी थोडक्यात अशी. तबकडीच्या पृष्ठावर समकेंद्री वर्तुळे कल्पिलेली असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे सेक्टर नावाचे तुकडे पाडलेले असतात. लेखन-वाचन करणारे हेड इष्ट ट्रॅकवर नेऊन ठेवावयाचे आणि फिरत्या तबकडीवरील इष्ट सेक्टर त्याच्याखाली येताच काम करावयाचे, एवढाच हा व्यापार. परंतु हेड जेथे पोचले ते स्थान इष्टच आहे याला पुरावा कोणता? तो पुरावा तबकडीवरच, त्याच चुंबकीय लिपीत लिहिलेला असतो. म्हणजे ज्या माध्यमाचा भरवसा नाही म्हणून साक्ष काढावयाची, साक्षही त्याच माध्यमाची. प्रश्नाचे सारे मर्म येथे आहे.

१. संशय आणि विपर्यय

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अयथार्थ अनुभवाचे संशय, विपर्यय आणि तर्क असे तीन भेद सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले दोन आपल्या कामाचे आहेत. समोरचा आकार खांब आहे की माणूस याचा निर्णय न होणे म्हणजे संशय. शिंपीला निश्चयपूर्वक रुपे समजणे म्हणजे विपर्यय. संशयात पडलेला मनुष्य थांबतो. विपर्ययात पडलेला थांबत नाही. तो वाकून शिंपी उचलतो व खिशात घालतो.

पत्ता वाचताना होणारे दोष नेमके याच दोन वर्गांत पडतात. पत्ता वाचताच आला नाही, तर तो संशय. त्याची किंमत फार तर तबकडीचा एक फेरा: मिनिटाला ३६०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर सुमारे १७ मिलिसेकंद, ३०० फेरे घेणाऱ्या फ्लॉपीवर २०० मिलिसेकंद. नियंत्रक थांबतो, तोच पत्ता पुन्हा येण्याची वाट पाहतो, आणि बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेस काम होते. उलट, एक पत्ता चुकून दुसराच वैध पत्ता म्हणून वाचला गेला, तर तो विपर्यय. वाचनाच्या वेळी असे झाल्यास भलता मजकूर हाती येतो. पण मूळ मजकूर जागेवर सुखरूप असतो. लेखनाच्या वेळी असे झाले, तर मात्र एका चुकीने दोन हानी होतात. जेथे लिहावयाचे नव्हते तेथला जुना मजकूर नष्ट होतो. आणि जेथे लिहावयाचे होते तेथे शिळा मजकूर तसाच राहतो. त्यातही वाईट हे की, दोन्ही सेक्टरांचे स्वतःचे दोषशोधक अंक संपूर्ण निर्दोष असतात. चुकीच्या घरी पडलेले पत्र शाबूत असते, अक्षर सुवाच्य असते, मोहोरही खरी असते. म्हणूनच ते चुकले आहे हे पत्रावरून कळत नाही.

यावरून पत्त्याच्या संकेताचा निकष ठरतो. तो संकेत किती चुका पोटात घालतो, हा निकष नव्हे. किती विपर्ययांचे रूपांतर तो संशयात करतो, हा निकष होय. माहितीच्या बाबतीत दुरुस्ती हे यश आहे, कारण वाचता न आलेली माहिती ही गमावलेली माहिती असते. पत्त्याच्या बाबतीत मात्र दुरुस्ती हे बहुधा साहस असते.

२. वाचणे आणि ओळखणे

माहिती आणि पत्ता यांत आणखी एक भेद आहे, व तो अधिक मूलगामी आहे. माहिती वाचणाऱ्याला ती काय असेल हे अगोदर ठाऊक नसते. ठाऊक असते तर वाचण्याचे प्रयोजनच उरले नसते. नियंत्रकाला मात्र आपणांस कोणता पत्ता हवा आहे हे पूर्ण माहीत असते. तो पत्ता वाचत नाही, ओळखतो. आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेत हा 'तोच हा देवदत्त' अशा जातीच्या प्रत्यभिज्ञेचा व्यापार आहे.

ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, त्याच्या हाती दुरुस्तीचा अधिकार देणे धोक्याचे असते. समोरचे अस्पष्ट अक्षर आपल्याला हव्या असलेल्या अक्षरासारखे वाचण्याचा मोह त्याला होतो, आणि मग त्याने वाचलेली गोष्ट ही समोरच्या वस्तूची साक्ष न राहता त्याच्या इच्छेची साक्ष होते. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणाऱ्या वकिलासारखीच ही अवस्था म्हणावी लागेल.

हा विवेक आयबीएमच्या दुहेरी घनतेच्या फ्लॉपीच्या मांडणीत उत्तम रीतीने पाळलेला आढळतो. तेथे प्रत्येक सेक्टरपूर्वी एक छोटा मथळा असतो. आरंभी वेळ जुळविण्यासाठी शून्यांचे १२ बाइट. नंतर तीन खुणेचे बाइट, ज्यांत एक कालस्पंद मुद्दाम गाळलेला असतो, त्यामुळे सामान्य मजकुरात ती आकृती नियमाने येऊच शकत नाही. मग मथळ्याची ओळख सांगणारा एक बाइट. पुढे ट्रॅक, बाजू, सेक्टर आणि लांबी यांचे चार बाइट. आणि शेवटी चक्रीय पडताळ्याचे दोन बाइट. पीटरसन आणि ब्राउन यांनी १९६१ साली दोषशोधक चक्रीय संकेतांचे जे विवेचन केले, त्याचेच हे उपयोजन आहे. येथे योजलेली सोळाव्या घाताची बहुपदी सलग १६ बिटांपर्यंतचा कोणताही दोषपुंज पकडते आणि विषम संख्येने चुकलेली बिटे नेहमीच पकडते. मथळा पूर्ण विस्कटला असला तरी पडताळा योगायोगाने जुळण्याचा संभव ६५,५३६ मध्ये एक. शिवाय एवढ्याने भागत नाही: जुळलेल्या मथळ्यातील क्रमांक हव्या असलेल्या क्रमांकाशीही जुळावा लागतो. पडताळा चुकला, तर नियंत्रक दुरुस्तीचा प्रयत्नही करीत नाही. तो मथळा सरळ सोडून देतो. सन १९८० नंतरच्या दशकात अनेक हार्ड डिस्क-नियंत्रकांनी हीच विभागणी ठेवली: मजकुराला दुरुस्ती करणारा संकेत, मथळ्याला केवळ पडताळा. वरवर पाहता मथळ्याला कमी दर्जाचे संरक्षण दिले असे वाटते. वस्तुतः त्याला योग्य तेच संरक्षण दिलेले आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून ॲपलने १९७८ साली बाजारात आणलेल्या 'डिस्क टू'ची मांडणी घेता येईल. अत्यल्प घटकांत नियंत्रक बसविण्याचे स्टीव्ह वॉझनियाक यांचे कौशल्य सर्वमान्य आहे, आणि ते योग्यच आहे. तेथील मथळ्यात व्हॉल्यूम, ट्रॅक, सेक्टर आणि पडताळा असे चार बाइट असून, प्रत्येकाची विषम व सम बिटे वेगळी करून ते आठ बाइटांत लिहिलेले आहेत. जागेचा हा उधळेपणा दोषनिवारणासाठी असावा असे प्रथमदर्शनी वाटते; परंतु तो हेडला पेलेल अशा आकृत्याच तबकडीवर याव्यात यासाठी आहे. दोषाचा शोध घेण्याचे काम एकट्या पडताळा-बाइटाकडे आहे, आणि तो बाइट म्हणजे पहिल्या तिघांची स्थानवार, हातचा न घेता केलेली द्विमान बेरीज. या बेरजेत एक व्यंग आहे: दोन बाइटांतील एकाच स्थानचे बिट उलटले, तर बेरीज बदलत नाही. ट्रॅक १७, सेक्टर ५ यांच्या ठिकाणी ट्रॅक १६, सेक्टर ४ वाचले गेले तरी पडताळा जुळतोच.

या विशिष्ट प्रसंगी मात्र नियंत्रण-प्रणाली बचावते. कारण तिला ट्रॅक १७ हवा आहे हे ठाऊक आहे, आणि १६ दिसताच ती हेड पुन्हा हलविते. म्हणजे पडताळ्याची उणीव ओळखीने भरून काढली. परंतु ॲपलच्या तबकडी-प्रणालीत मागणाऱ्याने व्हॉल्यूमचा क्रमांक शून्य दिला, तर कोणताही व्हॉल्यूम चालतो. मग व्हॉल्यूम २५४ च्या जागी २५५ आणि सेक्टर ५ च्या जागी ४ असे वाचले गेल्यास पडताळा जुळतो, ट्रॅक जुळतो, सेक्टरही मागितलेला दिसतो. आणि लेखन सेक्टर ५ वर होऊन बसते. असा दुहेरी दोष वारंवार घडतो असे येथे म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे ते इतकेच की, ज्या अंकाची ओळख पटविली जात नाही, तो अंक पडताळ्यात समाविष्ट करणे म्हणजे संरक्षणाच्या भिंतीत दार ठेवणे होय. काटकसर हा दोष नव्हे. काटकसर कोठे केली हे न पाहणे हा दोष होय.

३. ग्रे संकेताचे सामर्थ्य

आतापर्यंत हेड एका ट्रॅकवर स्थिर आहे असे गृहीत धरले. ते धावत असताना प्रश्नाचे स्वरूप पालटते. आधुनिक हार्ड डिस्कमध्ये प्रत्येक ट्रॅकवर ठराविक अंतराने स्थाननिर्देशक खुणा कायमच्या कोरलेल्या असतात, आणि त्यांत ट्रॅकचा क्रमांक असतो. एका ट्रॅकवरून दूरच्या ट्रॅककडे जाणारे हेड या खुणा ओझरत्या वाचीत जाते. अशा वेळी ते पुष्कळदा दोन ट्रॅकांच्या मध्ये असते, आणि त्याला मिळणारा संदेश हा दोन्ही शेजाऱ्यांच्या आवाजांचे मिश्रण असतो.

समजा, हेड ७ आणि ८ या ट्रॅकांच्या मध्यावर आहे. साध्या द्विमान पद्धतीत ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००. चारही स्थाने भिन्न. प्रत्येक स्थानी कोणत्या शेजाऱ्याचा आवाज वरचढ ठरेल हे सांगता येत नसल्याने ० पासून १५ पर्यंत कोणताही अंक वाचला जाऊ शकतो. बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांनी ज्याचे एकस्व १९४७ साली मागितले व ज्यांना ते १९५३ साली मिळाले, त्या परावर्ती संकेतात ७ म्हणजे ०१०० आणि ८ म्हणजे ११००. फरक एकाच स्थानी. ते स्थान कसेही वाचले गेले, तरी उत्तर ७ तरी येते किंवा ८ तरी. ग्रे यांच्यापुढे प्रश्न स्पंदसंकेतांनी संदेश पाठविण्याचा होता, तबकडीचा नव्हता. परंतु जेथे जेथे अखंड सरकणाऱ्या वस्तूचे स्थान खंडित अंकांनी सांगावयाचे असते, तेथे तेथे ही युक्ती तितकीच चपखल बसते. तिच्या सौंदर्याविषयी दुमत होऊ नये.

दुमत आहे ते तिच्या नावाविषयी. ग्रे संकेताला दोषसहिष्णु म्हणतात. पण तो कोणता दोष सहन करतो? केवळ शेजारपणाचा. गोंगाटामुळे किंवा लेपातील वैगुण्यामुळे एखादे बिट चुकल्यास त्याची सहिष्णुता तेथेच संपते. ८ चा संकेत ११०० घ्या आणि एकेक स्थान उलटवून पाहा: अनुक्रमे ७, १५, ११ आणि ९ असे अंक मिळतात. चारांपैकी दोन शेजारी, दोन परके. आणि एक तर सात ट्रॅक दूर. याहून सूक्ष्म मर्यादाही आहे. हेड इतक्या वेगाने जात आहे की, क्रमांकाचे पहिले बिट ट्रॅक ७ वर व शेवटचे बिट ट्रॅक ९ वर वाचले गेले, असे समजा. ७ चे पहिले बिट ०, ९ च्या ११०१ मधील शेवटचे बिट १. मधली दोन बिटे तिन्ही ट्रॅकांवर सारखीच. वाचलेला संकेत ०१०१, म्हणजे ट्रॅक ६. सातापासून नवापर्यंतच्या प्रवासात सहा कधी लागलाच नव्हता! चूक येथे लहान आहे हे खरे. परंतु 'उत्तर दोन शेजाऱ्यांपैकीच एक असेल' हे आश्वासन मोडले, हेही तितकेच खरे. म्हणूनच हेडची गती व आधीचे स्थान यांवरून पुढचे स्थान वर्तविणारी गणना नियंत्रण-प्रणालीत असते, आणि वाचलेला क्रमांक त्या भाकिताशी ताडून पाहिला जातो. ग्रे संकेत हा स्वयंपूर्ण साक्षीदार नाही. त्याच्या साक्षीला संदर्भाची जोड लागतेच.

४. दोन सहिष्णुतांचा विरोध

रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली दोषदुरुस्तीचे जे तत्त्व मांडले ते असे: कोणतेही दोन वैध संकेत एकमेकांपासून जितके अधिक स्थानी भिन्न, तितकी चूक ओळखणे व दुरुस्त करणे सोपे. संकेत दूर दूर ठेवण्याच्या या शास्त्राला भारतीय गणितज्ञांनी दिलेली देणगी येथे नमूद करणे उचित होईल. राजचंद्र बोस आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५९ साली प्लॉटकिन यांनी घालून दिलेल्या मर्यादेला पोचणारे संकेत व हादामार आव्यूह यांचा संबंध स्पष्ट केला. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले. या साऱ्या परंपरेचे ब्रीद एकच: संकेतांमध्ये अंतर राखा.

ग्रे यांचे ब्रीद याच्या नेमके उलट आहे: शेजाऱ्यांमध्ये अंतर राखू नका, एकच स्थान बदलू द्या. तेव्हा एकाच पत्त्याकडून दोन्ही गुणांची अपेक्षा करणे म्हणजे काय, हे एका प्रयोगाने पाहता येते. ग्रे संकेताला समतेचे एक बिट जोडा, म्हणजे एकांची संख्या नेहमी सम राहील. ७ होतो ०१००१, ८ होतो ११०००. आता शेजाऱ्यांत दोन स्थाने भिन्न झाली. मध्यावरच्या हेडला चार प्रकारचे वाचन संभवते. त्यांपैकी दोन वैध, आणि ०१००० व ११००१ ही दोन अवैध. म्हणजे जेथे ग्रे संकेत 'सात किंवा आठ' असे निःशंक उत्तर देत होता, तेथे आता संशय उत्पन्न झाला. धावत्या हेडच्या दृष्टीने हा तोटा आहे. लिहू पाहणाऱ्या हेडच्या दृष्टीने हाच नफा आहे. दोन ट्रॅकांच्या मध्ये असताना लिहिणे हा अपराधच असल्याने तेथे संशय निर्माण व्हावा हेच इष्ट.

आता उलट बाजू पाहा. एखाद्या रचनाकाराने उदारपणे असे ठरविले की, हव्या असलेल्या क्रमांकापासून एका बिटाने भिन्न असा क्रमांकही मान्य करावा, कारण एक बिट तर गोंगाटानेही चुकते. हा नियम ग्रे संकेतावर लावताच तो कोणाला आत घेतो? बरोबर शेजारच्या ट्रॅकला. आणि हेडची यांत्रिक चूक होण्याचा सर्वाधिक संभव शेजारच्या ट्रॅकवरच असतो. म्हणजे ज्याला अडवावयाचे, त्याच्यासाठीच दार उघडले. दोन्ही युक्त्या आपापल्या जागी निर्दोष. एकत्र आल्या की अनर्थ. 'दोषसहिष्णु' या सरसकट विशेषणाने हा विरोध झाकला जातो, आणि आमचा मुख्य आक्षेप तोच आहे.

५. मथळाविरहित रचना

१९९० नंतरच्या दशकात आयबीएमने सेक्टरपूर्वीचा मथळाच काढून टाकणारी रचना पुढे आणली. तिच्यामागे केवळ जागेची बचत नव्हती. चुंबकरोधी तत्त्वावरील नव्या हेडमध्ये वाचणारा व लिहिणारा असे दोन स्वतंत्र घटक असतात. वळत्या दांड्यावर बसविल्यामुळे ते दोघे एकाच वेळी एकाच ट्रॅकच्या मध्यावर नसतात. लिहिणारा घटक इष्ट स्थानी असताना वाचणारा किंचित बाजूला असतो, त्यामुळे लेखनापूर्वी मथळा वाचणे कठीण झाले. त्यावर उपाय म्हणून सेक्टरचे स्थान स्थाननिर्देशक खुणा, कालमापन आणि सदोष जागांची यादी यांवरून गणिताने काढले जाऊ लागले.

तांत्रिकदृष्ट्या ही रचना प्रशंसनीय आहे. टीकाकाराला मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: प्रत्येक सेक्टरच्या दारावरची पाटी नाहीशी झाली. लेखनाच्या क्षणी ट्रॅकची साक्ष आता त्या खुणांतील ग्रे संकेताकडे, म्हणजे धावत्या हेडसाठी योजलेल्या सहिष्णु संकेताकडे गेली. या उणिवेची भरपाई सातत्याने केली आहे. एका फेऱ्यात अशा अनेक खुणा येतात, प्रत्येकीबरोबर ट्रॅकच्या मध्यापासूनचे सूक्ष्म अंतर मोजले जाते, आणि ते मर्यादेबाहेर जाताच लेखन रोखले जाते. एका विश्वासू साक्षीदाराऐवजी एकमेकांशी जुळणाऱ्या अनेक सामान्य साक्षी घेण्याचाच हा प्रकार होय. तो बहुतांशी पुरतो. परंतु तबकडीचे गणितच चुकले, किंवा आज्ञाच भलत्या क्रमांकाची आली, तर दारावर पाटी नसल्याने अडविणारे तेथे कोणी नाही.

हे केवळ तर्कट नव्हे. नेटॲपच्या साठवण-यंत्रणांतील १५.३ लाख डिस्कांचे ४१ महिने निरीक्षण करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पडताळा न जुळण्याचे ४ लाखांहून अधिक प्रसंग नोंदविले आहेत. आणि त्यांच्यापासून वेगळा असा 'ओळख न जुळण्याचा' वर्ग स्वतंत्रपणे मोजला आहे. मजकूर निर्दोष, परंतु तो त्या जागेचा नव्हे, असा हा वर्ग. तो मजकुराच्या पडताळ्याने सापडत नाही, हा पहिल्या विभागातील निष्कर्ष येथे अनुभवाने सिद्ध झालेला दिसतो.

म्हणूनच पाटी दारावरून निघाली तरी ती पुन्हा कोठे तरी लिहावी लागली. स्कझी पद्धतीच्या एका मानकात ५१२ बाइटांच्या सेक्टरला आठ बाइट जोडले जातात: दोन चक्रीय पडताळ्याचे, दोन वापरणाऱ्या प्रणालीसाठी, आणि चार संदर्भाचे, सामान्य प्रकारात या शेवटच्या चारांत सेक्टरचा स्वतःचा क्रमांकच असतो. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली प्रसृत केलेल्या झेडएफएस प्रणालीत तर प्रत्येक गठ्ठ्याचा पडताळा त्या गठ्ठ्यात न ठेवता त्याचा पत्ता सांगणाऱ्या वरच्या गठ्ठ्यात ठेवला आहे. साक्ष त्याच जागेची नको, हे लेखारंभी सांगितलेले मर्म येथे रचनाकारांनी ओळखले आहे.

६. निष्कर्ष

या चिकित्सेचे तात्पर्य तीन विधानांत सांगता येईल. पहिले, पत्ता ही माहितीची लहान बहीण नव्हे. माहिती वाचावयाची असते, पत्ता ओळखावयाचा असतो, आणि ओळख पटविताना दुरुस्तीपेक्षा नकार अधिक मोलाचा असतो. दुसरे, शेजारपणाची सहिष्णुता आणि गोंगाटाची सहिष्णुता यांची तत्त्वे परस्परविरोधी आहेत. पहिली धावताना उपयोगी, दुसरी वाचताना, आणि लिहिताना दोहोंपैकी कोणतीही नको. तिसरे, एखाद्या मांडणीतून ओळखीची खूण काढून टाकली, तर ती अन्यत्र कोठे ठेवली हे रचनाकाराने सांगितले पाहिजे. न सांगितल्यास ती गमावली असे समजण्याचा अधिकार टीकाकाराला आहे.

यापुढे कोणत्याही संकेताला दोषसहिष्णु म्हणताना, कोणता दोष, कोणत्या क्षणी, आणि कोणाच्या जोखमीवर, हे तीन प्रश्न विचारले जावेत. क्षमा हा गुण खराच. परंतु ज्याच्या हाती दुसऱ्याची चीजवस्तू आहे अशा कारकुनाने ती जपून वापरावी. हातातला कागद कोणत्या घराचा हे नक्की नसेल, तर तो परत आणणारा टपालवाला चुकलेला नसतो.